दगड म्हटल्यावर वहिनी काय म्हणाल्या

भूतखेत, करणी, अंगात येणं... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. उभी हयात मी मानसशास्त्र शिकवण्यात घालवली. दरवर्षी वर्गात एक तरी मुलगी "मॅडम, आमच्या गावात एक चिंच आहे..." अशी सुरुवात करायची, आणि तास संपेपर्यंत त्या चिंचेची नुसती चिंच झालेली असायची. या सदरातले अनुभवही मी नियमित वाचते, ते खरं तर चुका काढायला. कुणाला तापात दिसलेलं असतं, कुणी मामेभावाच्या मित्राकडून ऐकलेलं असतं. परवा मी असंच नाक मुरडलं तेव्हा नातसून म्हणाली, "एवढं आहे तर तुमच्या वहिनींचा किस्सा लिहून पाठवा की. त्यातली चूक कोण काढतंय बघू."

माझी मलाच ती काढता आलेली नाही. म्हणून लिहिते आहे.

काळ दुसऱ्या महायुद्धाचा. आमचं गाव कराडजवळ, कृष्णेच्या काठी. घर गावठाणात नव्हतं, मळ्यात होतं - पुढे पडवी, मागे गोठा, बाजूला विहीर आणि भोवती सगळा ऊस. आबा, म्हणजे माझे वडील, पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आलेले आणि सुभेदार होऊन पेन्शनीत बसलेले. तिथल्या इस्पितळात नर्सबायांनी त्यांचा पाय वाचवला होता, तेव्हापासून "पोरगी शिकली पायजे" हे त्यांच्या डोक्यात घट्ट बसलं. मॅट्रिक झाल्यावर त्यांनी मला सांगलीला मावशीकडे ठेवलं आणि कॉलेजात घातलं. भावकीने खूप बोटं मोडली. आबांनी ऐकलं नाही.

कॉलेज सांगली आणि मिरजेच्या मधल्या माळावर. बी.ए.ला मी तत्त्वज्ञान घेतलं होतं, त्यातच मानसशास्त्राचे पेपर असत. वेगळा विभाग, लॅबोरेटरी वगैरे कुठली... एक काचेचं कपाट होतं. त्यात रंगीत लोकरीच्या लडी, एक ट्यूनिंग फोर्क, निरर्थक अक्षरं लिहिलेल्या चिठ्ठ्यांचा डबा आणि एक स्टॉपवॉच. त्या स्टॉपवॉचमध्ये आमच्या प्रोफेसरांचा जीव होता. प्रोफेसर पुण्याचे, लग्न न केलेले, इंग्रजीत विचार करून मराठीत बोलणारे. माणूस मात्र फार चांगला. शंका विचारली की त्यांचा चेहरा उजळायचा.

त्यांनी आम्हाला शब्दांची एक टेस्ट शिकवली. आपण एक शब्द म्हणायचा, समोरच्याने मनात येईल तो पहिला शब्द लगेच म्हणायचा. मध्ये किती वेळ गेला ते घड्याळावर बघायचं. माणूस जिथे अडखळतो तिथे त्याच्या मनात काहीतरी दडलेलं आहे असं धरायचं. इंग्रजी शब्द होते, त्यांचं आम्हीच मराठी केलं... पाणी, भाकरी, आई, वाट, दगड असं. दिवाळीच्या सुट्टीत घरच्या माणसांवर करून या, असं सांगून प्रोफेसरांनी मला स्टॉपवॉच रुमालात गुंडाळून दिलं. गाडीत ते मी मांडीवर धरून बसले होते.

आता आमच्या घरातली नावं सांगायला हवीत, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्या थोरल्या भावाचं नाव दगडू. त्याच्या आधीची आईची दोन मुलं पाळण्यातच गेली, म्हणून तिसऱ्याचं नाव दगडू ठेवलं. असलं नाव असलं की काळ त्याच्याकडे ढुंकून बघत नाही अशी समजूत. आणि आबांचं नाव धोंडीराम! वहिनी आल्या आटपाडीकडून, म्हणजे पिकापेक्षा दगड जास्त अशा मुलखातून, आणि पडल्या या घरात. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सासऱ्याचं तर त्याहून नाही. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं तेवढंच. त्यामुळे बिचाऱ्यांना ना दगड म्हणता येई, ना धोंडा. "वन्सं, त्यो गोटा द्या हिकडं," म्हणायच्या. तांदळात निघायचे ते खडे. अधिक महिन्याला आम्ही धोंड्याचा महिना म्हणायचो, वहिनी "जादा म्हयना" म्हणायच्या. मी खोडी काढायला विचारायची, "वैनी, आगाशिवाच्या डोंगरावर काय काय असतं हो?" त्या म्हणायच्या, "तुमचं डोस्कं."

आमचं अगदी जमायचं. त्या माझ्याहून फार मोठ्या नव्हत्या. शिकलेल्या नव्हत्या, पण डोकं असं की मी सुट्टीत काहीही सांगितलं तरी त्यावर एक असा प्रश्न विचारायच्या की मला पुन्हा पुस्तक उघडावं लागायचं.

त्या पहिल्या दिवाळीत दादा पलटणीबरोबर लिबियाच्या वाळवंटात होता आणि त्याची पत्रं येत होती. मी पडवीत बसून वहिनींची टेस्ट घेतली. पाणी म्हटल्यावर मोट, भाकरी म्हटल्यावर तवा, आई म्हटल्यावर आटपाडी. खेळल्यासारखी पटापट उत्तरं येत होती. मी वाचण्याच्या ओघात दगड म्हणून गेले. वहिनी गप्प. घड्याळ चालू. त्यांनी पदर तोंडाशी धरला, कानापर्यंत लाल झाल्या, आणि शेवटी म्हणाल्या, "गप बसा वन्सं, फुडचं इचारा."

सुट्टी संपल्यावर प्रोफेसरांनी ते बघितलं आणि एकदम गंभीर झाले. म्हणाले, तुमच्या वहिनींच्या मनात कुणाबद्दल तरी खोल राग आहे, कुणीतरी त्यांच्याशी दगडासारखं वागतंय, सासू असू शकेल. मला हसू आवरेना. मी भावाचं नाव सांगितलं. ते बाकावर हात मारून म्हणाले, "हे पुस्तकात नाही!" त्यानंतर महिनाभर त्यांनी मला सांगलीतल्या ओळखीच्या बायकांच्या मागे पळवलं. माझ्या मावशीचे यजमान गुलाबराव. ती गुलाबाला अडली. शेजारच्या काकू उत्तम या शब्दाला अडल्या. प्रोफेसर लहान मुलासारखे खूष.

पुढच्या पावसाळ्यात तार आली. दादा बेपत्ता.

आबांनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि विहिरीवर जाऊन बसले. त्याच सुमाराला चले जावची गडबड सुरू झाली, कॉलेजं बंद पडली, माझं वर्ष बुडालं आणि मी घरीच होते. आईचं रडणं, आबांचं गप्प राहणं, सगळं डोळ्यांनी बघितलं. वहिनी मात्र रडल्या नाहीत. जनावरं, वैरण, भाकऱ्या... सगळं पहिल्यासारखं करत राहिल्या. मला ते बरं लक्षण वाटेना. शिकत होते ना, प्रत्येक गोष्टीला नाव द्यायची हौस. सत्य नाकारणं, असं मी मनातल्या मनात त्याला नाव दिलं.

वर्ष गेलं. दुसरी तार आली, त्यात मृत समजावं असं होतं. मी तेव्हा पुन्हा सांगलीला गेलेले. दिवाळीला घरी आले तर सगळं ठरलेलं होतं. देह मिळत नाही तेव्हा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. तो विधी तुळशीच्या लग्नानंतर करायचा, आणि त्याच दिवशी वहिनींच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं. थोरले चुलते, तात्या, यांनी भटजींना सांगूनही ठेवलं होतं. तात्यांना दुष्ट म्हणता येणार नाही. आईच मागे लागली होती. दादा तिच्या स्वप्नात येऊन पाणी मागायचा. पोराला पाणी मिळत नाही, त्याला वाट मोकळी करून द्या, एवढंच ती सारखं म्हणत होती.

मी आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी पडवीत शेंगा फोडत बसल्या होत्या. घरात त्यांच्याशी कुणी धड बोलत नव्हतं. काय बोलणार? मला बघून म्हणाल्या, "वन्सं, त्यो तुमचा शब्दांचा खेळ मांडा की."

मला जरा विचित्र वाटलं. पण स्टॉपवॉच जवळ होतं आणि खोटं कशाला बोलू, उत्सुकताही होतीच. मी सुरुवात केली. पाणी - मोट. वाट - धूळ. भाकरी - तवा. हात शेंगांवर, तोंड चालू. मग मी तो शब्द म्हणाले. अडणार हे धरूनच म्हणाले.

"दगड."

"प्येत्रो," वहिनी म्हणाल्या.

लगेच. एक क्षणही मध्ये न जाता. मी घड्याळ थांबवायचीच विसरले. म्हटलं, काय म्हणालात? त्या म्हणाल्या, "मला काय ठावं? आलं तोंडात." मग स्वतःशीच हळू पुन्हा म्हणून बघितलं, एखादी नवी चव घ्यावी तसं. मी शब्दांचा क्रम बदलला, मध्ये भलतेसलते शब्द घातले, दुसऱ्या दिवशी झोपेतून उठल्या उठल्या विचारलं. बाकी उत्तरं बदलायची, पण दगडाला प्रत्येक वेळी प्येत्रो.

मी लगेच शोधाशोध सुरू केली. पेट्रोमॅक्स? वहिनींच्या लग्नात पेट्रोमॅक्सच्या बत्त्या होत्या, नवरा आणि दिवा यांची सांगड मनात बसली असेल. पण आमच्याकडे बत्तीला सगळे पेट्रोमास म्हणत, स्वच्छ ट. पेट्रोलचाही ट. इंग्रजांकडून आलेला शब्द ट घेऊनच येतो. वहिनींचा त होता, भातातला त. आणि वर तो प्ये. मी त्यांना पेट्रो म्हणून दाखवलं तर त्यांनी मलाच सुधारलं.

त्याच संध्याकाळी पडवीत बैठक बसली. आबा, तात्या, दाराशी आई. विधीची तयारी काय काय, असं बोलणं चाललं होतं, आणि एकदम आतल्या खोलीतून वहिनींचा आवाज आला. सासऱ्यापुढे कधी चढ्या आवाजात न बोललेली बाई.

"मामंजी, त्ये हायती."

तात्या म्हणाले, सूनबाई, सरकारची तार खोटी आणि तुझं खरं? कशावरनं म्हणतीस?

"माणूस गेला असता तर नाव सुटलं असतं तोंडातनं," वहिनी म्हणाल्या. "माझ्या तोंडाला नाव अजून अडतंय. सुटलं की मी हून सांगंन. तवा फोडा बांगड्या."

आई हुंदका देऊन रडायला लागली. तात्या म्हणाले की अशा बोलण्यावर घर चालत नाही. आबा माझ्याकडे वळले.

"इंदे, तुझं घड्याळ काय म्हणतंय?"

घड्याळ तर उलटंच सांगत होतं! वहिनी आता त्या शब्दाला अडत नव्हत्या. त्यांच्याच हिशोबाने बघितलं तर नाव सुटलं होतं, म्हणजे दादा गेला होता. मी हो अडतात म्हणाले असते तर वहिनींचं कुंकू राहिलं असतं, पण आबांशी मी कधी खोटं बोलले नव्हते. आणि जे दिसलं तेच सांगायचं, हे प्रोफेसरांनीही अंगात भिनवलं होतं. मी सांगितलं. अडत नाहीत. पण नावही घेत नाहीत. भलताच शब्द येतो, प्येत्रो, आणि त्याचा अर्थ मला माहीत नाही.

आबांनी तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. फ्रान्समध्ये राहिलेला माणूस, त्यांच्या कानाला काहीतरी लागलं असावं. म्हणाले, "इंग्रजी न्हवं ह्ये." मग तात्यांकडे वळून सावकाश बोलले. "फौजेत तार आली आन तिच्यात एक शब्द जरी लागला न्हाई, तरी आमी ती फिरून मागवत हुतो. शब्दाचा अर्थ लागंस्तवर हुकूम तामील न्हाई. दगडूचा इधी ऱ्हाऊ द्या."

तात्या उठून गेले. आईने आबांशी कितीतरी दिवस अबोला धरला. मला तिचं वाईट वाटायचं, तिचा पोरगा तहानलेला राहिला होता ना. पण कुंकू राहिलं.

सांगलीला परत गेल्यावर प्रोफेसरांना सगळं सांगितलं. त्यांनी पेट्रोमॅक्सचाच तर्क केला, मी त त्यांच्यापुढे ठेवला. मग ते म्हणाले, कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी नुकतीच झाली आहे, त्यांच्यात असं काहीसं नाव असतं, वहिनींनी कुणाचं तरी ऐकलं असेल. पण वहिनी कराडच्या बाजारापलीकडे गेलेल्या नव्हत्या, आणि घरी कोणी कोल्हापूरकडून आलेलं नव्हतं. शिवाय ऐकलं असं धरलं तरी ते दगडालाच का चिकटावं? प्रोफेसर म्हणाले, "हा प्रश्न चांगला आहे." त्यांना उत्तर येत नसलं की ते असं म्हणायचे.

घरी इकडे गाय व्याली. खोंड झालं, आणि वहिनींनी त्याचं नाव ठेवलं प्येत्रो. तोंडात आलेला शब्द वाया कशाला घालवायचा, असं मला म्हणाल्या. वर्षभर मळ्यात एकच पुकारा. प्येत्रो वैरण खा, प्येत्रो लाथा मारू नको, प्येत्रोला माशा लय त्रास देत्यात. गडीमाणसंसुद्धा प्येत्रो म्हणायला लागली. आबा तेवढे म्हणायचे नाहीत. ते नुसते ऐकायचे.

चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात तिसरी तार आली. दादा जिवंत, इस्पितळात आहे, बरा झाला की येईल. आई तार छातीशी धरून मळाभर फिरली. पुढे कुणाकडून तरी लिहून घेतलेलं दादाचं एक पत्र आलं, त्यात खुशाल आहे, जनावरं कशी आहेत, एवढंच. काय घडलं, कुठे होता, काही नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण तुम्ही इथेच शंका काढाल. मीही काढली होती. पत्र मीच वाचून दाखवलं होतं आणि त्यात त्या नावाचं अक्षरही नव्हतं.

कधी येणार ते कळवलेलं नव्हतं. माझी परीक्षा झाली होती, मी घरीच होते. दसरा होऊन गेलेला. दिवस कलताना वहिनी वैरण टाकत होत्या आणि खोंड दावं तोडून उसात शिरलं. वहिनी काठी घेऊन बांधावर उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "प्येत्रो... आरं प्येत्रो! हिकडं ये, मुडद्या!"

उसाच्या पलीकडच्या बाजूने आवाज आला, "ओ."

वहिनींच्या हातातली काठी पडली. बांधाच्या वळणावरून दादा आला. वाळलेला, खाकी कपड्यांत, एक पाय किंचित ओढत. आणि चेहरा असा भांबावलेला की मला वाटलं, याला आपण ओळखू येत नाही की काय. दोघं एकमेकांकडे बघत उभी राहिली. मग आई धावत आली आणि पुढचं सगळं रडण्यात गेलं.

जेवायला बसल्यावर दादाने पहिलं तेच विचारलं. "माझं त्ये नाव तुमास्नी कुणी सांगितलं?"

आम्ही म्हटलं, कुठलं नाव?

मग त्याने सांगितलं. वाळवंटात पकडला गेल्यावर त्याला इटलीत कैदेत ठेवलं होतं. तिथलं सरकार पडलं, पहारेकरी पळाले, आणि हे लोक डोंगरात पसार झाले. दादाचा पाय सुजलेला, तो मागे पडला. डोंगरातल्या एका म्हाताऱ्या जोडप्याने त्याला त्यांच्या मेंढरांच्या गोठ्यात लपवलं, थेट पुढच्या उन्हाळ्यात आपली फौज येईपर्यंत. फणसाच्या आठळीसारखी कसली तरी फळं भाजून खायला घालायची, म्हणाला.

"म्हातारीनं नाव इचारलं. दगडू म्हटलं तर तिला म्हणताच येईना. मग गोठ्याच्या भितीतला एक दगुड काढून हातावर ठेवला. म्हटलं, ह्यो, ह्यो मी. तर हसाया लागली. म्हणली, प्येत्रो! त्यांच्यात दगडाला तसंच कायतरी म्हणत्यात, आन माणसाचं नाव बी त्येच. तवापास्नं मी तिथं प्येत्रो."

दादाच्याही तोंडी तोच त होता. मी आबांकडे बघितलं. त्यांचा घास हातातच राहिला होता. अर्थ लागला होता.

वहिनी भाकरी वाढत होत्या. त्यांनी टोपली खाली ठेवली आणि त्या पदर तोंडात कोंबून आत पळाल्या. आई मागे गेली. आतून वहिनींचा रडवेला आवाज आला, "आत्याबाई, मी वरीसभर मालकांचं नाव घेत हुते. आन वर मुडद्या बी म्हणत हुते."

आमच्या घरात इतकं हसू त्याआधी किती दिवसांत कुणी ऐकलं नव्हतं. आबासुद्धा हसले, डोळे पुसत.

दुसऱ्या दिवशी खोंडाचं नाव बदललं. सर्जा. आणि त्या दिवसापासून वहिनींनी तो शब्द कधी उच्चारला नाही. दादाला मी खोदखोदून विचारलं, ते नाव नेमकं कधी पडलं? त्याच्याजवळ ना कॅलेंडर ना काही. झाडाखाली ती फळं पडायला लागली होती, थंडी सुरू झाली होती, एवढंच सांगे. म्हणजे आमच्या दिवाळीच्या आसपास. याहून नेमकं काही हाती लागलं नाही.

प्रोफेसर मात्र स्वस्थ बसणाऱ्यातले नव्हते. ते स्वतः आले, कराड स्टेशनवरून टांगा करून, कपाटातलं घड्याळ घेऊन. वहिनींनी चहा केला, दाराआड बसल्या, सगळ्या शब्दांना उत्तरं दिली. प्रोफेसर दगड म्हणाले. दारामागे सामसूम. घड्याळ चालत राहिलं, गोठ्यात सर्जा हंबरला, दादा खाली बघून मिशीत हसत होता. शेवटी प्रोफेसरांनी घड्याळ बंद केलं. मला म्हणाले, ज्या प्रयोगाचं उत्तर बोलण्याला बंदी आहे तो प्रयोग आता कुणालाच करता येणार नाही. जाताना त्यांनी वहिनींना दारातूनच वाकून नमस्कार केला.

इथे मी थांबले असते तर तुम्ही म्हणाला असता, योगायोग. मीही बरीच वर्षं तेच म्हणत आले. वर्गात हा किस्सा कधी सांगितला नाही. एक तर वहिनींना ते नाव चारचौघात आलेलं आवडलं नसतं, आणि दुसरं म्हणजे मुलींनी मला माझ्याच शस्त्राने कापलं असतं.

दादा पुढे पुष्कळ जगला. नातवंडं खेळवली, गुऱ्हाळ घातलं, म्हातारपणी कराडला जुन्या फौजी मित्रांकडे जाऊन बसायचा छंद लागला. तोवर मी रिटायर झाले होते, त्यामुळे सुट्टीपुरतीच नाही तर बारा महिने माहेरी जाऊन-येऊन असायची. एके दिवशी असाच तो कराडला गेला होता, धडधाकट. वहिनी आणि मी अंगणात ऊन खात बसलो होतो. त्या तांदूळ निवडत होत्या, मी चष्मा पुसत होते. सुपातून बोट फिरवता फिरवता त्या म्हणाल्या,

"औंदाच्या तांदळात दगड लय निघत्यात, वन्सं."

आधी मी हं म्हणून गेले. मग ऐकू आलं. सबंध संसारात त्यांच्या तोंडून तो शब्द मी ऐकला नव्हता. नेहमी खडे. मी मान वर केली तर त्या माझ्याकडेच बघत होत्या. त्यांनाही ऐकू आलं होतं. त्यांनी सूप हळूच खाली ठेवलं, तांदूळ सांडू न देता.

"सुटलं," त्या म्हणाल्या.

मी काय म्हणाले मला आठवत नाही. बहुतेक काहीतरी समजुतीचंच. वय झालं की जीभ घसरते, असलं काहीतरी. त्या ऐकत नव्हत्या. मांडीवर हात ठेवून रस्त्याकडे बघत बसल्या होत्या, मनगटातल्या बांगड्या एकेक चाचपत. दादाच्या मुलाची फटफटी त्यानंतर आली. दादा मित्राकडे चहाचा कप हातात घेऊन बसल्या जागी गेला होता.

कधी गेला, शब्द कधी उच्चारला, आधी काय नि मागाहून काय... मी त्या दिवशी घड्याळ बघितलं नाही. आयुष्यभर इतरांना बघायला लावलं, आणि नेमकं तेव्हा बघितलं नाही. बघितलं असतं तरी काय समजलं असतं, कुणास ठाऊक.

वहिनी मागच्या वर्षी गेल्या, म्हणून आता हे लिहिता येतंय. कुणाला याचा उलगडा झाला तर अवश्य कळवा, पण त तेवढा लक्षात ठेवा, पेट्रोमॅक्सवाले माझ्याकडे आधीच येऊन गेलेत. मला स्वतःला काही सांगता येत नाही. हल्ली तांदूळ निवडताना सून विचारते, आत्या, काही निघालं का? तर मीही खडे म्हणते. तो दुसरा शब्द ओठावर येतो... आणि अडतो.